रानातील रस्ता आणि सायकल

नागपूरहून दक्षिणेस निघालेला ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडतो आणि तेलंगण राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. गुडिहत्नूर, इच्चोडा, नेरडिगोंडा ही गावे मागे टाकीत तो निर्मलच्या दिशेने जातो. वाटेत दोन्ही अंगांना कापसाची काळी जमीन, मग टेकड्या आणि टेकड्यांवर सागाचे रान. या महामार्गास ठिकठिकाणी फाटे फुटतात. कोणी इंद्रवेल्लीवरून उटनूरला जातो, कोणी बोथला, तर कोणी कडेम नदीवरील कुंटाला धबधब्यापाशी जाऊन संपतो. महामार्गावरील मोटारींची रीघ रात्रंदिवस तुटत नाही. परंतु फाट्यावर दोन-चार मैल आत गेले की पाचोळा वाजलेलाही ऐकू येतो. अशा रस्त्यावरून सायकलीने जावे, मागून भोंगा वाजू नये आणि अंगावर धूळ येऊ नये, अशी इच्छा अनेकांना होते. ही इच्छा पुरी करावयाची तर काय करावे लागते आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रथम वाहनमुक्त रस्ता म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पायवाट म्हणजे वाहनमुक्त रस्ता नव्हे. सायकलीला पक्की, सपाट आणि पावसात न खचणारी जमीन लागते. म्हणजे रस्ता मोटारीसाठी बांधावा तसाच बांधलेला हवा, परंतु त्यावर मोटार नको. या विरोधाभासामुळे असे रस्ते बहुधा नव्याने बांधले जात नाहीत. आधीच असलेल्या रस्त्यावरून मोटार उठविली की तो तयार होतो. त्यास खडी-डांबराचा खर्च थोडा. त्यास लागते ते एक फाटक, एक घड्याळ आणि फाटकापाशी उभा राहणारा एक जबाबदार माणूस. सगळी अडचण या तिसऱ्या गोष्टीपाशी येते, कारण फाटक कोणासाठी उघडावयाचे आणि कोणासाठी नाही, हे त्या माणसास कोणीतरी सांगावे लागते.

रानातून मोटार उठविण्याचे कारण केवळ सायकलस्वाराची हौस नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल तेवढ्याच वेळात चार मीटरांहून किंचित अधिक जाते. वेग चौपट झाला की, ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर मात्र सोळापट होते. हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. वळणावर चितळांचा कळप आडवा आला तर सायकल जागच्या जागी उभी राहते, मोटार राहत नाही. त्यात रात्रीच्या दिव्यांची भर पडते. प्रखर झोत डोळ्यांवर आला की रानमांजर, ससा, सांबर ही जनावरे पळण्याऐवजी थिजून उभी राहतात. आवाजाचा परिणाम तर डोळ्यांस दिसतही नाही. ज्या प्राण्यांचे जगणे कानांवर अवलंबून असते, ते सतत गजबजलेल्या रस्त्याची कड सोडून आत सरकतात. रस्ता जेमतेम दहा मीटर रुंदीचा असला तरी जनावरांच्या लेखी तो त्याच्या कित्येक पट रुंद होतो.

या हानीवर आपल्या देशात दोन मार्गांनी उपाय झालेले आहेत. पहिला उपाय याच ४४ क्रमांकाच्या महामार्गावर, नागपूरच्या उत्तरेस पेंच व्याघ्र प्रकल्पापाशी पाहावयास मिळतो. तेथे रस्ता चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत त्याच्याखालून जनावरांना जाण्यासाठी लहान पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ रचना बांधण्यात आल्या. तेथे लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघासह अनेक जातींचे प्राणी त्यांखालून जाताना टिपले आहेत. दुसरा उपाय कर्नाटकातील बंडीपूरचा. तेथे २००९ सालापासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात रानातील महामार्ग वाहनांना बंद करण्यात आला. रुग्णवाहिका व ठराविक बसगाड्या यांना त्यातून सूट मिळाली, आणि दूरच्या प्रवाशांसाठी रानाला वळसा घालणारा दुसरा मार्ग दाखविण्यात आला. पहिला उपाय बांधकामाचा आणि खर्चाचा आहे. दुसरा वेळापत्रकाचा आहे. सायकलीच्या रस्त्याची कल्पना या दुसऱ्या उपायाच्या कुळातली आहे.

जगात ही कल्पना निरनिराळ्या रीतींनी साकार झाली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी १९१३ ते १९४० या काळात सुमारे ४५ मैलांचे खडीचे रस्ते बांधविले. ते घोडागाड्यांसाठी होते आणि त्यांवर मोटारीस प्रथमपासून मज्जाव होता. तेलाच्या व्यापारावर ज्या घराण्याची संपत्ती उभी राहिली, त्याच घराण्यातील पुरुषाने मोटारीपासून सुटलेले रस्ते बांधावे, हा योगायोग मौजेचा खरा. आज त्या रस्त्यांवरून लोक पायी आणि सायकलीने फिरतात. त्याच देशातील झायन उद्यानाने २००० साली वेगळी वाट धरली. दरीतील रस्त्यावर मोटारींची इतकी दाटी होऊ लागली की हंगामात खासगी गाड्या बंद करून उद्यानाने स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या, आणि सायकलीला मोकळीक ठेवली. हॉलंडमधील होगे फेल्युवे उद्यानात १९७४ सालापासून पांढऱ्या रंगाच्या सायकली ठेवलेल्या आहेत. आज त्यांची संख्या सुमारे १८०० आहे. प्रवेशपत्र घेतलेल्या कोणीही दारातील सायकल उचलावी, माळरानातून आणि झाडीतून हिंडावे व परत आणून ठेवावी, असा तेथील शिरस्ता आहे.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजस्थानातील भरतपूरचे. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे. पाणथळ जागांच्या मधून गेलेल्या बांधांवरील रस्त्याने पाहुणे पायी, भाड्याच्या सायकलीवर किंवा सायकल-रिक्षात बसून पक्षी पाहत जातात. रिक्षा चालविणारे गावकरी पक्ष्यांची नावे, घरटी आणि सवयी जाणतात. रस्ता मोटारींपासून मोकळा राहिल्याने पक्षी काठाजवळ निर्धास्त बसतात आणि त्याच रस्त्यावर गावातील कुटुंबांचे पोट भरते. १९८५ साली या उद्यानास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

परंतु भरतपूरच्या इतिहासातील दुसरे पानही वाचले पाहिजे. १९८२ साली उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. पिढ्यानपिढ्या गुरे चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा पोलिसांचा गोळीबार होऊन काही गावकरी मृत्युमुखी पडले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा गुरे बंद झाल्याने पाण्यात गवत माजून पक्ष्यांचेच नुकसान झाल्याचे दिसून आले. म्हणजे फाटक लावताना आत कोण आहे आणि तो तेथे काय करतो, हे न विचारल्याने माणसांचाही जीव गेला आणि रानाचेही भले झाले नाही. आदिलाबादचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

आदिलाबादची भूमी मराठी वाचकास परकी नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे भाग याच जिल्ह्यात मोडत. आजही पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील बेला, जैनथ या भागांत मराठी घरोघरी ऐकू येते. जुना विस्तीर्ण जिल्हा २०१६ च्या ऑक्टोबरात चार भागांत विभागला गेला. या चारही जिल्ह्यांत कमीअधिक पसरलेले कव्वाल अभयारण्य २०१२ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे आणि भोवतालचे संरक्षक क्षेत्र त्याहून मोठे आहे. साग, बांबू, मोह, ऐन यांचे हे शुष्क पानगळीचे रान. उत्तरेस पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य आणि ईशान्येस चंद्रपूरचे ताडोबा. या दोन्ही ठिकाणी वाढलेले वाघ नव्या मुलखाच्या शोधात दक्षिणेकडे उतरतात. २०१९ साली टिपेश्वरमधील गळ्यात रेडिओ-पट्टा घातलेला एक तरुण नर वाघ जूनमध्ये निघाला, आदिलाबादच्या मुलखातून व मराठवाड्यातून फिरत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत त्याची चाल १३०० किलोमीटर भरली होती. वाघाला राज्याची सीमा कळत नाही, मोठा रस्ता मात्र कळतो. आणि तो ओलांडण्यासाठी त्याला अंधाराची व शांततेची गरज असते.

येथेच भरतपूर व आदिलाबाद यांतील पहिला भेद दिसून येतो. भरतपूर हे मुख्यत्वे पक्ष्यांचे रान. येथे वाघ आहे, बिबट्या आहे, अस्वल आहे. सायकलीचा जो गुण पक्ष्यांच्या रानात उपकारक, तोच येथे धोक्याचा ठरू शकतो. सायकल आवाज न करता येते. वळणापलीकडे मोहाची फुले खाण्यात गुंग झालेल्या अस्वलास ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. २०१६ साली अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक सायकलस्वार वळणावर वेगाने अस्वलावर आदळला आणि प्राणास मुकला. जुन्या आदिलाबादच्या ज्या भागाचा आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा झाला आहे, तेथे २०२० च्या नोव्हेंबरात वाघाने दोन तरुण जीवांचा बळी घेतला. ते दोघेही तेथील गावचे होते. सबब, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात सायकलीचे मार्ग काढावे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

मग कोणते रस्ते योग्य? याचे उत्तर रस्त्याच्या स्वभावात आहे. काही रस्ते आरपार जाणारे असतात. गुडिहत्नूरहून इंद्रवेल्ली, उटनूर आणि पुढे जन्नारमकडे जाणारा रस्ता असा आहे. बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी सर्व त्यावर अवलंबून असते. तो दिवसा बंद करणे म्हणजे मुलखाची नाडी दाबणे होय. दुसरे रस्ते शेवट असलेले असतात. ते एखाद्या धबधब्यापाशी, तलावाच्या बांधापाशी किंवा जुन्या डाकबंगल्यापाशी जाऊन थांबतात. नेरडिगोंड्याजवळचा कुंटाला धबधबा सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळतो. बोथ तालुक्याच्या बाजूचा पोचेरा उंचीने कमी, पण पात्राने रुंद आहे. अशा स्थळांकडे जाणाऱ्या फाट्यांचा शेवटचा टप्पा हाच सायकलीचा खरा रस्ता होय. तेथे कोणाचाही पुढचा प्रवास अडत नाही. मोटारी अलीकडे एका मोकळ्या जागेत थांबवाव्या, म्हाताऱ्यांसाठी व अपंगांसाठी एखादी छोटी गाडी ठेवावी आणि बाकीच्यांनी पायी किंवा सायकलीने जावे. मुंबईकरांस याची कल्पना सहज येईल. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सायकलस्वार दिसतात, आणि तेथे बिबट्यांची वस्ती असल्याने वेळेची मर्यादाही पाळावी लागते.

दुसरा भेद माणसांचा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. आदिलाबादचे रान रिकामे नाही. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, आंध अशा अनेक जमातींची गावे त्यात आहेत. पौष अमावास्येस इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. तिच्या आधी मेस्राम कुळातील गोंड मंडळी केसलापुराहून निघून जन्नारमच्या बाजूस असलेल्या गोदावरीपर्यंत पायी जातात आणि देवासाठी पाणी भरून तसेच पायी परततात. जत्रेला अनेक कुटुंबे आजही बैलगाड्यांनी येतात. मोटारीवाचून रानातून प्रवास करण्याची शहरातील माणसाला आज वाटणारी नवलाई येथे फार जुनी आहे. किंबहुना या रानातील रस्त्यांवर वाहनमुक्त प्रवासाचा हक्क कोणाचा असेल, तर तो प्रथम त्यांचा आहे.

मात्र ज्या गावाला अर्ध्या रात्री बाळंतिणीला खाटेवर घालून नेण्याची आठवण आहे, त्या गावाला पक्का रस्ता म्हणजे काय हे शहरापेक्षा अधिक चांगले कळते. तेथे जाऊन मोटार बंद करावी असे सांगणे सोपे, ऐकणे कठीण. त्यातच बंदी या शब्दाविषयी तेथे आधीच अविश्वास आहे. २०२५ च्या मे महिन्यात कव्वाल आणि ताडोबा यांना जोडणारा रानपट्टा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याला कुमुरम भीम यांचे नाव देण्यात आले होते. जल, जंगल आणि जमीन यांच्या हक्कांसाठी निजामाच्या राजवटीशी लढताना १९४० साली जोडेघाट येथे ज्यांनी प्राण दिले, ते हे गोंड वीर. तरीही आपल्याला विचारले नाही, अशी तक्रार करीत आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या, आणि जुलैत सरकारला तो आदेश स्थगित करावा लागला. वाघाला वाट हवी ही गोष्ट खरी; परंतु नाव देऊन संमती मिळत नाही, हीही तितकीच खरी.

या प्रश्नास कायद्याने एक दार ठेविले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार रानातील गावांसाठी शाळा, दवाखाना, पाण्याची सोय आणि रस्ते अशा कामांना थोडी वनजमीन देता येते. मात्र हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असली पाहिजे. ज्या ग्रामसभेच्या शब्दावर रस्ता होऊ शकतो, तिच्याच शब्दावर तो रस्ता आठवड्यातील काही तास मोटारींपासून मोकळा ठेवता यावा, हे न्यायास धरून आहे. फाटकाचे घड्याळ कोणत्या वेळी फिरवावयाचे हे दूरच्या कचेरीने न ठरविता गावाने ठरविले, तर आठवडी बाजाराचा दिवस, कापूस जिनिंगकडे नेण्याचा हंगाम, मोहाची वेचणी या गोष्टी आपोआप लक्षात घेतल्या जातील. रुग्णवाहिका, बसगाडी आणि गावातील रहिवाशांची वाहने यांना फाटक सदैव उघडे राहील. थांबावयाची ती केवळ बाहेरून मौजेसाठी आलेली मोटार. फाटकावरचा माणूस गावचा, सायकली भाड्याने देणारा गावचा, पंक्चर काढणारा गावचा आणि वाट दाखविणारा तरुणही गावचा असला, तर भरतपूरच्या रिक्षावाल्याला जे साधले ते येथेही साधेल.

अशा रस्त्यावर जाणाऱ्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. उजाडल्यावर निघावे आणि दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी परतावे. एकट्याने जाऊ नये. वळणावर घंटी वाजवावी किंवा मोठ्याने बोलावे. उतारावर वेग आवरावा. जनावर दिसल्यास सायकल फिरवून पळ काढण्यापेक्षा उभे राहून त्याला वाट द्यावी आणि हळूहळू मागे सरावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे, तेव्हा पहाटे हातमोजे लागतील. मार्चपासून पाने गळून रान उघडे पडते, ऊन चढते आणि वणव्यांचे दिवस येतात. पावसाळ्यात धबधबे भरतात, पण ओढ्यांवरून पाणी जाते. कायद्याचीही जाणीव असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याने जाण्यास परवाना लागत नाही. त्या रस्त्यावरून खाली उतरून रानात शिरले की मात्र तो लागतो. सायकल हलकी आहे म्हणून कायदा हलका होत नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्यास आणखी एक सोय आहे. मुदखेडहून किनवटमार्गे येणारा लोहमार्ग आदिलाबादेस पोहोचतो. सायकल आगगाडीच्या सामानाच्या डब्यात घालून आणली, तर मोटारीने रानापर्यंत यावे आणि रानात सायकल काढावी, हा विसंवादही टळतो.

वाहनमुक्त रस्ता म्हटला की शहरी मनापुढे रिकामा रस्ता उभा राहतो. आदिलाबादच्या रानात रिकामा रस्ता कोठेच नाही. त्यावरून सकाळी शाळेची मुले जातात, दुपारी गुरे जातात, संध्याकाळी मोळ्या घेतलेल्या बाया परततात आणि रात्री कधीतरी वाघ तो ओलांडतो. या सर्वांची ये-जा आधीपासून आहे. सायकलस्वार त्यांत शेवटी येऊन मिळणारा पाहुणा आहे. पाहुण्याने घरच्या माणसांस विचारून यावे, हळू यावे आणि वेळेवर परत जावे. एवढे जमले, तर रानातील रस्ता त्यालाही पुरेल आणि इतरांचाही राहील.